‘हीट शॉक’ प्रथिने आणि मज्जातंतूंचे आनुवंशिक आजार



या अंकासाठी विज्ञानाचा कोणता विषय घ्यावा, हे मी ठरविले नव्हते. तो एका आईने आणून दिला. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात नववीतल्या एका विद्यार्थ्याची आई माझ्या खोलीत आली. तिच्या हातात तपासणीचा रिपोर्ट होता. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही सायन्सच्या आहात. यात काय लिहिले आहे ते मला एकदा नीट सांगा.”

रिपोर्ट जनुकांच्या तपासणीचा होता. मुलाच्या पायांतील शक्ती दोन-तीन वर्षांपासून कमी होत होती. पुष्कळ डॉक्टर झाल्यावर ही तपासणी केली गेली होती आणि ‘हीट शॉक प्रोटीन’ बनविणाऱ्या एका जनुकात दोष आढळला होता. घरच्या मंडळींनी ‘हीट’ आणि ‘शॉक’ हे दोन शब्द वाचले आणि अर्थ लावून टाकला, मुलाला लहानपणी ऊन लागले होते! तो दोन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन मे महिन्यात माहेरच्या लग्नाला गेली होती. “लू चालली आहे, पोराला नेऊ नकोस,” असे सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. त्या लग्नाला आता बारा वर्षे झाली. ती माऊली मला विचारीत होती, “माझ्यामुळेच झाले का हो हे?”

मी तिला “नाही” म्हटले. पण “का नाही” हे समजावून सांगताना माझेच ज्ञान अपुरे पडते आहे, हे लक्षात आले. मग काही दिवस वाचन केले. आजचा पाठ त्यातून तयार झाला आहे. कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने तो लिहीत आहे. माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भाषेत काही उणे आढळल्यास आपण सांभाळून घ्यालच.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपल्या मुलांचा इथे नेहमी गोंधळ होतो. हिंदीच्या पुस्तकात जिला ‘कोशिका’ म्हणतात, तिला मराठीत ‘पेशी’ म्हणतात. हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणजे आपला ‘स्नायू’, आणि नुसती ‘पेशी’ म्हणजे कचेरीतली तारीख! या पाठात पेशी म्हणजे कोशिकाच समजावी. ‘तंत्रिका’ म्हणजे मज्जातंतू, आणि मज्जातंतू ज्या पेशींचा बनतो ती चेतापेशी. ‘जीन’ म्हणजे जनुक. ‘प्रोटीन’ म्हणजे प्रथिन.

‘हीट शॉक प्रोटीन’ला मराठीत ‘उष्माघात प्रथिन’ असा शब्द कोणी योजील, पण तो मी मुद्दाम टाळला आहे. आपल्याकडे उष्माघात म्हणजे ऊन लागून होणारा आजार, आणि या घरातला सारा घोटाळा तेवढ्यानेच झाला. म्हणून ‘हीट शॉक प्रथिन’ असेच म्हणू.

हे नाव पडले कसे?

गोष्ट इटलीतली आहे. फेरुच्चिओ रितोस्सा नावाचे तरुण शास्त्रज्ञ १९६० च्या सुमारास फळमाशीच्या अळीवर काम करीत होते. पिकलेल्या केळ्यावर ज्या बारीक माश्या घोंघावतात, त्याच जातीची ही माशी. तिच्या अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे फार मोठी असतात, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. गुणसूत्रावर एखादे जनुक जोरात काम करू लागले की ती जागा फुगलेली दिसते.

एके दिवशी रितोस्सांना नेहमीपेक्षा निराळ्याच जागा फुगलेल्या दिसल्या. शोध घेता कळले, की प्रयोगशाळेतल्या कोणीतरी ऊबयंत्राचे तापमान चुकून वाढविले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी “नमुना बिघडला” म्हणून तो फेकून दिला असता. रितोस्सांनी मुद्दाम पुन्हा तापमान वाढवून पाहिले. पुन्हा त्याच जागा फुगल्या. म्हणजे उष्णता वाढली की काही ठरावीक जनुके जागी होत होती. हे निरीक्षण एका नामांकित नियतकालिकाने महत्त्वाचे नाही म्हणून परत केले, शेवटी ते १९६२ मध्ये दुसरीकडे छापले गेले. ही जनुके जी प्रथिने बनवितात ती १९७४ मध्ये अल्फ्रेड तिसिएर, हर्शेल मिचेल आणि उर्सुला ट्रेसी यांनी अमेरिकेत दाखवून दिली. ती उष्णतेच्या धक्क्यानंतर दिसली म्हणून त्यांचे नाव ‘हीट शॉक प्रथिने’.

पुढे कळले, की ही प्रथिने जिवाणू, वनस्पती, प्राणी, माणूस, सर्वांत आहेत. ती फक्त उष्णतेने वाढतात असेही नाही. प्राणवायू कमी पडला, शिसे किंवा कॅडमियमसारखे विषारी धातू पोटात गेले, तरी वाढतात. आणि काहीही संकट नसताना, अगदी आता तुम्ही हा पाठ वाचत असतानाही, ती तुमच्या पेशींत काम करीत आहेत. नाव शोधाच्या प्रसंगावरून पडले. रविवारी जन्मला म्हणून कोणाचे नाव ‘रविवार’ ठेवले, तर तो फक्त रविवारीच जेवतो असे होत नाही, तसेच हे.

करवलीचे काम

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. वीस प्रकारचे मणी ठरावीक क्रमाने ओवलेले. पण नुसती माळ काम करीत नाही. ती विशिष्ट रीतीने दुमडावी लागते. नऊवार पातळ दुकानातून येते तेव्हा ते एक लांब कापडच असते, निऱ्या घालून, काष्टा घेऊन नेसले की ते पातळ होते. प्रथिनाचेही तसेच. घडी चुकली की काम चुकले.

उष्णतेने ही घडी उलगडते. अंड्याचा पांढरा भाग पाण्यासारखा पारदर्शक असतो. अंडे उकडले की तोच भाग पांढरा आणि घट्ट होतो. त्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडून ती एकमेकांना चिकटली. आता अंडे थंड केले तरी ते पूर्वीसारखे होणार नाही. पेशीतही प्रथिने अशी चिकटून गोळे झाले तर पेशीचे मरण ठरलेले.

हीट शॉक प्रथिने हे होऊ देत नाहीत. लग्नात करवली नवरीच्या मागे उभी असते. शालू सावरते, पदर नीट करते, गर्दीत नवरीला कोणाचा धक्का लागू देत नाही. लग्न मात्र तिचे नसते, आणि एक लग्न पार पडले की ती पुढच्या लग्नाला जायला मोकळी. हीट शॉक प्रथिने अशा करवल्या आहेत. नवीन प्रथिनाची घडी नीट बसेपर्यंत ती सोबत राहतात, उलगडलेल्याला धरून ठेवतात आणि काम झाले की बाजूला होतात.

त्यांची नावे वजनावरून पडली आहेत : एचएसपी ९०, एचएसपी ७०, एचएसपी २७ अशी. मोठी प्रथिने घडी पुन्हा घालून देतात. लहान प्रथिने स्वतः घडी घालत नाहीत. उलगडलेले प्रथिन दुसऱ्याला चिकटू नये म्हणून ती त्याला धरून ठेवतात आणि मोठ्यांच्या हवाली करतात. माणसात अशी लहान हीट शॉक प्रथिने दहा आहेत. त्यांपैकी दोन आपल्या डोळ्यांच्या भिंगात भरपूर असतात आणि भिंग पारदर्शक ठेवतात.

आता संकट आले आहे हे पेशीला कळते कसे? यासाठी एचएसएफ १ नावाचा एक पहारेकरी आहे. एरवी एचएसपी ७० आणि एचएसपी ९० त्याला धरून बसवतात. पेशीत बिघडलेल्या प्रथिनांची संख्या वाढली की ही मंडळी तिकडे धावतात. पहारेकरी मोकळा होतो, पेशीच्या केंद्रकात जाऊन हीट शॉक जनुकांना जागे करतो आणि नव्या करवल्या तयार होऊ लागतात. काम आटोक्यात आले की त्या परत येऊन पहारेकऱ्याला धरतात. वरून कोणी हुकूम द्यावा लागत नाही.

मग फक्त पायच का?

त्या आईचा दुसरा प्रश्न फार चांगला होता. “हे प्रोटीन साऱ्या शरीरात आहे म्हणता, मग माझ्या मुलाचे फक्त पायच का गेले?” याचे उत्तर चेतापेशीच्या लांबीत आहे.

पायाचा अंगठा हलविणारी चेतापेशी अंगठ्यात नसते. तिचे मुख्य शरीर कमरेच्या जरा वर, पाठीच्या कण्याच्या आतील मेरुरज्जूत असते. तिथून एक तंतू निघतो आणि मांडी, गुडघा, पोटरी, घोटा ओलांडून पावलाच्या स्नायूपर्यंत जातो. मोठ्या माणसात तो सुमारे १ मीटर लांब असतो. पेशीचे शरीर मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे. हिशेब करून पाहा. पेशीचे शरीर १० सेंटिमीटरच्या चेंडूएवढे मोठे केले, तर तंतू १ किलोमीटर लांब होईल आणि जाडीला जेमतेम बोटाएवढा राहील.

प्रथिने बनविण्याचा मुख्य कारखाना या चेंडूत आहे. एक किलोमीटरवरच्या टोकाला लागणारा माल इथूनच पाठवावा लागतो. तंतूच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून मालाची ने-आण होते. जलद माल दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर जातो, म्हणजे पावलापर्यंत अडीच दिवसांत पोहोचतो. पण तंतूचा सांगाडा बनविणारी प्रथिने दिवसाला जेमतेम १ मिलिमीटरच्या आसपास सरकतात. १ मीटर म्हणजे १,००० मिलिमीटर. या हिशेबाने त्यांना पावलापर्यंत पोहोचायला जवळजवळ तीन वर्षे लागतात! तीन वर्षे वाटेत असलेल्या प्रथिनाची घडी कोणीतरी सांभाळायला नको का?

आणखी एक अडचण अशी, की कातडीच्या पेशी झिजतात आणि नव्या येतात, पण चेतापेशीची जागा घेणारी दुसरी येत नाही. जन्मापासून शेवटपर्यंत तीच. शिवाय स्नायू हलविणाऱ्या चेतापेशींमध्ये एचएसएफ १ हा पहारेकरी सहजासहजी जागा होत नाही, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. ओझे सर्वांत जास्त आणि मदत मागण्याची सवय सर्वांत कमी, अशा या पेशी आहेत. म्हणून करवलीत थोडासा दोष असला तर त्वचेचे, यकृताचे निभावून जाते, सर्वांत लांब तंतूचे निभावत नाही. आजार पावलांत सुरू होतो आणि पुढे कधी कधी हाताच्या बोटांपर्यंत येतो. तेही याच कारणाने, कारण पायानंतर लांब तंतू हातांचे.

दोष सापडला तो २००४ मध्ये

हा आजार नवा नाही. १८८६ मध्ये पॅरिसचे शार्को व मारी आणि इंग्लंडचे टूथ या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. म्हणून त्याला ‘शार्को-मारी-टूथ’ म्हणतात. दातांशी त्याचा संबंध नाही, टूथ हे डॉक्टरांचे आडनाव! शार्को आणि मारी यांचा कल मेरुरज्जूच्या बिघाडाकडे होता. टूथ यांनी मज्जातंतूंवर बोट ठेवले आणि ते बरोबर निघाले.

जगात सुमारे २,५०० माणसांमागे एकाला हा आजार असावा असा अंदाज आहे. हा एकच आजार नाही, एका नावाखाली अनेक आजार आहेत. शंभराहून अधिक जनुकांतील दोष आज माहीत झाले आहेत. बहुतेक रुग्णांत तंतूवरचे वेष्टण बिघडते. काहींत तंतूच बिघडतो. हीट शॉक प्रथिनांचे दोष या दुसऱ्या गटात येतात आणि एकूण रुग्णांत त्यांचा वाटा लहान आहे. पण रोग का होतो हे समजण्यासाठी ते फार उपयोगी ठरले.

२००४ मध्ये एकाच वर्षी दोन शोध प्रसिद्ध झाले. पहिला, सातव्या गुणसूत्रावरील एचएसपीबी १ या जनुकाचा. हे जनुक एचएसपी २७ हे प्रथिन बनविते. या प्रथिनाच्या माळेत २०५ मणी आहेत. रशियातील एका कुटुंबात १३५ व्या जागी सेरीनऐवजी फेनिलअलानिन आलेले आढळले. २०५ मधला एक मणी बदलला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाय अशक्त झाले. दुसरा शोध बाराव्या गुणसूत्रावरील एचएसपीबी ८ चा. त्यावर बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी काम केले होते. तिथे १४१ वा मणी लायसिनचा असायचा, तो बदललेला होता. काही कुटुंबांत फक्त स्नायू हलविणारे तंतू बिघडतात, काहींत स्पर्शाची जाणीव देणारेही.

एक मणी बदलल्याने नक्की काय होते, याचे उंदरांवर आणि पेशींवर पुष्कळ प्रयोग झाले. एचएसपीबी १ च्या काही दोषांत प्रथिन सूक्ष्मनलिकांना, म्हणजे मालगाडीच्या रुळांना, गरजेपेक्षा जास्त घट्ट चिकटते. काहींत सांगाड्याची प्रथिने वाटेत अडकून गोळा होतात. एचएसपीबी ८ चे काम थोडे निराळे आहे. जी प्रथिने दुरुस्त होणार नाहीत त्यांना ते जोडीदारांच्या मदतीने पेशीच्या कचरा-व्यवस्थेकडे पोहोचविते. ते बिघडले की कचरा साठतो. दोन्हींचा शेवट सारखाच : तंतूचे दूरचे टोक आधी सुकते.

घराण्यात कसा येतो?

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या दोन जनुकांत बहुधा एक प्रत सदोष असली तरी आजार होतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. नाणे उडविण्यासारखे. आधीच्या वेळी छाप पडला म्हणून पुढच्या वेळी काटाच पडेल असे नसते, तसेच पहिल्या मुलाला आला म्हणून दुसरे सुटले असेही नसते. मुलगा-मुलगी असा भेद नाही. कधी कधी आईवडील दोघांत दोष नसताना तो नव्यानेही उद्भवतो.

आजाराचा जोर एकाच घरात कमीअधिक असतो. त्या आईशी बोलता बोलता मी विचारले, घरात आणखी कोणाला पायांचा त्रास आहे काय? ती म्हणाली, नाही. मग थोडे थांबून म्हणाली, “यांची चप्पल चालताना पायातून निघून जाते, म्हणून हे नेहमी पट्ट्याची सँडल घालतात. आणि सासरे शेवटची पंधरा वर्षे काठीनेच चालत. सगळे संधिवात म्हणायचे.” दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे घरात होत्या. त्या जोडून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते. पुढे वडिलांची तपासणी झाली आणि तोच दोष त्यांच्यातही निघाला.

आता इथे एक धोका आहे. बारा वर्षे आईला बोल लावला, आता बापाला लावायचा काय? मुळीच नाही. जनुक कोणी निवडून देत नाही. ज्या आजोबांनी तो दोष दिला त्यांनीच या मुलाला गोड गळाही दिला असेल. त्याबद्दल कोणी त्यांना वेगळे धन्यवाद देत नाही, तर या बाबतीत दोष तरी का द्यावा? लग्नाच्या वेळी ही माहिती लपविण्यापेक्षा आनुवंशिकतेच्या जाणकार डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घरातल्या निरोगी मुलांची घाईने तपासणी करू नये. ती करायची की नाही हे मोठेपणी त्यांनी स्वतः ठरविणे बरे.

औषध आहे काय?

आज हा दोष मुळातून घालविणारे औषध नाही. पण प्रयत्न चालू आहेत. २०११ मध्ये सदोष एचएसपीबी १ असलेल्या उंदरांना एचडीएसी ६ नावाच्या एन्झाइमला रोखणारे रसायन दिले, तेव्हा तंतूंतील वाहतूक सुधारली आणि उंदरांची हालचालही. उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मात्र लांब असते. हीट शॉक प्रथिनांची निर्मिती वाढविणारे अरिमोक्लोमोल हे औषध मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णांत वापरून पाहिले गेले आणि २०२१ मध्ये ते निष्फळ ठरल्याचे जाहीर झाले. तेच औषध ‘नीमन-पिक सी’ या मेंदूवर परिणाम करणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक आजारासाठी, आणखी एका औषधाच्या जोडीने, सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. शास्त्र असेच एका दारी अडते आणि दुसऱ्या दारी चालते.

कोणी म्हणेल, उष्णतेने ही प्रथिने वाढतात, मग रुग्णाला शेक द्या, वाफेत बसवा! असे करू नये. करवलीच सदोष असेल तर तशाच आणखी करवल्या बोलावून काय साधणार? शिवाय पावलांची जाणीव कमी असेल तर भाजल्याचे कळत नाही आणि जखम होते.

जे आज करता येते ते असे : नियमित फिजिओथेरपी, घोट्याला आधार देणारे प्लास्टिकचे स्प्लिंट, टाच धरणारे बूट, गरज पडल्यास पावलाची शस्त्रक्रिया. यांनी पुष्कळ फरक पडतो. कोणतेही नवे औषध घेताना डॉक्टरांना हा आजार आवर्जून सांगावा, कारण काही औषधांनी तो बळावतो. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टिन हे त्यांतले प्रमुख.

पालकांनी आणि शिक्षकांनी काय पाहावे?

मूल वारंवार अडखळते, घोटा मुरगळतो, टाचांवर उभे राहता येत नाही, पाऊल चालताना आपटते, चप्पल निसटते, पावलाची कमान फार उंच होत चालली आहे, अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक वेळी आजार आनुवंशिकच असेल असे नाही. बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, कुष्ठरोग यांनीही मज्जातंतू बिघडतात आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणूनच लाजेने किंवा भीतीने वेळ घालवू नये.

आता मला एक गोष्ट सांगणे भाग आहे. हा मुलगा सातवीत असताना एकदा प्रार्थनेला जाताना मी त्याला सर्वांसमोर बोलले होते. “पाय आपटत काय चालतोस? नीट शिस्तीत चाल.” मुले हसली. तेव्हापासून त्याला वर्गात एक टोपणनाव पडले, ते मी इथे लिहीत नाही. तो पाय आपटत नव्हता. पावलाचा पुढचा भाग वर उचलणारा स्नायू त्याचे ऐकत नव्हता, म्हणून तो गुडघा उंच उचलून पाऊल टाकी आणि ते जमिनीवर आपटे. त्याची सारी शक्ती पडू नये यासाठी खर्च होत होती आणि मी त्याला शिस्त शिकवीत होते. रिपोर्ट समजल्यावर मी त्याला बोलावून माझी चूक कबूल केली. तो म्हणाला, “मॅडम, तेव्हा तर मलाही माहीत नव्हते.” मुले आपल्याला किती सहज क्षमा करतात! आपण त्यांना तितकी करतो काय?

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. त्याचा वर्ग या वर्षी आम्ही तळमजल्यावर आणला आहे. पण प्रयोगशाळा आणि वाचनालय वरच्या मजल्यावरच आहेत आणि जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला हाताची पकड बसवावी. तिचा उपयोग या एका मुलालाच नाही, वार्षिक समारंभाला येणाऱ्या आजी-आजोबांनाही होईल. पालकांनी हेही लक्षात ठेवावे, की २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता नमूद आहे, आणि योग्य प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत लेखनिक किंवा जादा वेळ मागता येतो. त्यात कमीपणा नाही.

ती आई गेल्या आठवड्यात पुन्हा आली होती. हा पाठ छापण्यापूर्वी मी तिला वाचून दाखविला. घरी सासूबाईंना वाचून दाखविते म्हणून एक प्रत मागून घेऊन गेली.

अभ्यासासाठी

१. ‘हीट शॉक प्रथिन’ हे नाव कोणत्या प्रसंगावरून पडले? त्या नावामुळे कोणता गैरसमज होऊ शकतो?

२. तंतूच्या सांगाड्याचे प्रथिन दिवसाला १ मिलिमीटर सरकते. तुमच्या कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजा आणि त्याला तिथे पोहोचायला किती दिवस लागतील ते काढा. हाताच्या बोटांसाठीही असाच हिशेब करा.

३. नाणे २० वेळा उडवून छाप-काटा क्रमाने लिहा. सलग तीन वेळा छाप आला काय? यावरून “पहिल्या मुलाला आजार आला, आता दुसऱ्याला येणार नाही” हे म्हणणे तपासा.

४. आपल्या वर्गात कोणी हळू चालते, हळू लिहिते किंवा वारंवार पडते काय? याचे उत्तर वहीत लिहू नका. उद्या डबा खाताना त्याच्या शेजारी बसा.